टकरीच्या चिठ्ठ्या

धाकटीला आपलं नाव सापडलं ते पुस्तकाच्या अगदी शेवटच्या पानावर, आभारात, आणि तेही चहावाल्याच्या खाली.

कव्हरचं प्रूफ टेबलावर अजून ओलंच होतं. वर ‘इंग्रजी-इटालियन शब्दकोश’, त्याखाली मामंजींचं नाव, त्याखाली थोरल्या जावेचं, चांगलं ठसठशीत. धाकटीने प्रूफ उलटं केलं, सुलटं केलं, खिडकीतल्या उजेडासमोर धरलं. नाव काही उगवेना. बारा वर्षं त्या कोशातला एकूणएक इटालियन शब्द तिने लिहिला होता. थोरलीला इटालियनमधला एकच शब्द यायचा, ‘चाओ’. तो ती कुणी आलं तरी म्हणायची, कुणी गेलं तरी म्हणायची, आणि दोन्ही वेळा ओरडून म्हणायची.

“जाऊबाई, हे काय?”

“दिसत नाही? कव्हर.”

“माझं नाव कुठाय?”

“आहे की मागे. किती छान टायपात घातलंय.” थोरली चष्मा पुसत होती. “अगं, मूळ शब्द इंग्रजी. तो मी निवडते. तू नुसता त्याच्यासमोर दुसरा ठेवतेस.”

“नुसता ठेवते?”

“मग काय, विणतेस?”

त्या क्षणापासून दोघींचं बोलणं बंद. इतकं बंद की घरातला पोपटसुद्धा दोन दिवस गप्प बसला. त्यांचे नवरे, दोघे भाऊ, तर आधीपासूनच त्या घरात पाहुण्यासारखे राहायचे; आता ते ताटसुद्धा स्वतः उचलून ठेवायला लागले.

पण बोलणं बंद झालं तरी काम कसं बंद होणार? खाली छापखाना, वर कोशाची खोली. खोलीत समोरासमोर दोन टेबलं. एका चिठ्ठीवर एक शब्द. थोरली इंग्रजी लिहायची, धाकटी इटालियन. खाली एक उदाहरणाचं वाक्य, ते जिला सुचेल तिने लिहायचं. मग दोघींच्या सह्या. मामंजींचा नियम म्हणजे दगडावरची रेघ: “अर्थ बरोबर असेल तर सही करायची. वाक्याची चव बघत बसायचं नाही. आणि दोन सह्यांशिवाय काही आत जायचं नाही की बाहेर निघायचं नाही.” त्यांचे दोन्ही डोळे मोतीबिंदूने गढूळलेले. दोन सह्या आहेत एवढं ते भिंगातून बघायचे आणि चिठ्ठी टोपलीत टाकून दोरीने खाली सोडायचे.

स्वयंपाकघराचे शब्द झाले होते, हवामानाचे झाले होते, जहाजांचेही झाले होते. आता नेमकं एकच प्रकरण उरलं होतं. भांडण आणि टक्कर.

पहिली चिठ्ठी आली: क्लॅश. धाकटीने समोर लिहिलं, स्कोंत्रो. मग जरा थांबली, पेनाचं टोपण चावलं, आणि उदाहरण लिहिलं: ‘थोरलीची जीभ आणि खरेपणा यांचा रोज सकाळी स्कोंत्रो होतो.’

थोरलीने वाचलं. तिचे कान असे लाल झाले की त्यांच्यावर इस्त्री तापली असती. पण करणार काय? सही नाकारली तर ‘ही थोरली म्हणजे मीच’ असं आपल्या तोंडाने कबूल केल्यासारखं. जगात थोरल्या जावा काय कमी आहेत? तिने सही ठोकली. निब कागद फोडून टेबलात रुतली, ती उपटायला खालून पक्कड मागवावी लागली.

दुसरी चिठ्ठी सरकत आली: बम्प. या खेपेला वाक्य आधीच लिहिलेलं: ‘दारातून जाताना धाकटीला दोन्ही बाजूंच्या चौकटींचा ____ बसतो.’ इटालियनची जागा तेवढी मोकळी. धाकटीने दातओठ खात स्वतःच्या हाताने तिथे ‘उर्तो’ भरलं आणि सही केली. तीही नाकारणार नव्हती.

मग काय, जुंपली! आठ दिवसांत चाळीस चिठ्ठ्या. कोलिजनपाशी धाकटीने पदर खोचला. इंग्रजीला समोरून काय आणि मागून काय, सगळी टक्कर सारखीच. इटालियन माणूस मात्र मागून येऊन ठोकलं तर त्याला ताम्पोनामेंतो म्हणतो. तिने दोन्ही शब्द नीट लिहिले आणि खाली टाकलं: ‘थोरली समोरून येतच नाही. तिचा कायम ताम्पोनामेंतो.’

थोरलीने उत्तरात माहेर काढलं. ‘धाकटीच्या माहेरी जेवणाआधी ____ होते आणि हात धुतल्यावर ____.’ दोन चिठ्ठ्या एकत्र टाचलेल्या, एक जागा ब्रॉलची, एक स्कफलची. धाकटीने रिस्सा भरलं, त्सुफ्फा भरलं. तिचा भाऊ आणि काका खरंच एकदा ताटं घेऊन एकमेकांच्या अंगावर धावले होते. ही गोष्ट तिनेच, चांगले दिवस होते तेव्हा, थोरलीला हसत हसत सांगितली होती. डोळ्यांत पाणी आलं, पण ते तिने चिठ्ठीवर पडू दिलं नाही. शाई फुटली असती.

मग तिने कॉन्फ्लिक्ट घेतला. समोर लिहिलं, कॉन्फ्लित्तो. उदाहरण: ‘पदवी मिळाली असं सांगत फिरणाऱ्या थोरलीचा शेवटच्या वर्षाच्या इंग्रजीच्या पेपराशी कॉन्फ्लित्तो झाला, आणि पेपर जिंकला.’

तो नापासाचा कागद तिला सहा वर्षांपूर्वी एका खणात सापडला होता. कुणालाही न सांगता तिने तो परत ठेवून दिला होता.

थोरलीने चिठ्ठी उचलून चष्म्याजवळ धरली. धाकटीला वाटलं, आता फाडणार. पण थोरलीने पेन उचललं आणि सही केली.

दुसऱ्या दिवशी दुपारी कंपोझिटर प्रूफं घेऊन वर आला. हसून हसून त्याच्या डोळ्यांना धारा लागल्या होत्या. “मालक, खाली मशीनवाला जमिनीवर लोळतोय. हे प्रकरण वाचून दाखवू?”

त्याने वाचलं. मामंजी असे ओरडले की खालच्या खणांतले टायपाचे खिळे आपोआप उड्या मारून दुसऱ्या खणात गेले.

“काढा! सगळी वाक्यं काढा! आत्ताच्या आत्ता!”

“काढा,” थोरली झटकन म्हणाली. “मी देते सही.”

धाकटीने पेनाला टोपण लावलं. “मी नाही देणार. दोन सह्यांशिवाय काही बाहेर निघत नाही. नियम तुमचाच आहे, मामंजी.”

“लाज नाही वाटत?” आठ दिवसांनी थोरली पहिल्यांदाच तिच्याशी बोलत होती. “तुझं अख्खं माहेर छापलं जाईल!”

“कुणाचं माहेर? कव्हरवर एकाच सुनेचं नाव आहे, जाऊबाई. थोरली कोण ते सगळ्यांना कळेल. धाकटी कोण, ते कुणाला ठाऊक?”

“हो की,” कंपोझिटर म्हणाला, आणि मामंजींनी बघितल्यावर खोकला.

थोरलीने कव्हर ओढलं. स्वतःचं ठसठशीत नाव बघितलं. मग अशी हसली की धाकटीने खुर्ची मागे सरकवली.

“घाला हिचं नाव,” ती कंपोझिटरला म्हणाली. “माझ्या खाली. टायपही माझाच.”

“बघा,” मामंजींचा जीव भांड्यात पडला, “मिटलं! आता दोघी सह्या करा आणि वाक्यं…”

“सही? मी नाही देणार आता. जाऊ दे छापून. माझा एक पेपर गेला, हिचा भाऊ, काका, सगळं खानदान जाऊ दे.”

“सूनबाई!”

“किंवा हिने नाव काढायला सांगावं. कव्हर अजून प्रूफच आहे.”

कंपोझिटर पेन्सिल घेऊन धाकटीपुढे उभा राहिला. “काय करू, बाई? घालू की नको?”

धाकटीला भाऊ दिसला, कोश उघडून बसलेला. काका दिसला. आईचा चेहरा दिसला, तो तिने जास्त वेळ बघितला नाही. पुन्हा माहेरी गेलं तर दार कोण उघडेल, हे तिने मनात मोजून घेतलं. बहुतेक कुणीच नाही.

“घाला,” ती म्हणाली.

“नीट विचार कर गं,” मामंजी पुटपुटले.

“बारा वर्षं केलाय, मामंजी.”

संध्याकाळी कव्हरचं नवं प्रूफ आलं. दोघी एकाच टेबलावर खांद्याला खांदा लावून वाकल्या, कारण कुणाचं नाव केसभर मोठं आलंय ते बघायचं होतं. थोरलीने पट्टी लावली. धाकटीचा पट्टीवर विश्वास नव्हता. तिने दोरा आणला.