पहिलं नाव

प्रयोगशाळेत तिला सगळे धाकटी म्हणत. नऊ वर्षांपूर्वी ती आली तेव्हा खरंच सगळ्यांत लहान होती. आता तिच्यामागून आलेले कायम झाले, बढत्या घेऊन वरच्या मजल्यावर गेले, तरी ही आपली धाकटीच. तिची नोकरी दरवर्षी नव्याने मिळायची, त्यामुळे दरवर्षी ती कालच आल्यासारखी.

पाण्यातलं शिसं अडवणारा मातीचा स्वस्त फिल्टर, हे तिचं काम. माती तिने कालवली, भट्टीत तिने भाजली, वर्षभर पाणी तिने तपासलं आणि शोधनिबंधही तिनेच लिहिला. जर्नलमध्ये तो छापून आला तेव्हा त्यावर सात नावं होती. पहिलं मोठ्या सरांचं, कारण प्रयोगशाळा त्यांची. दुसरं जावईबापूंचं, कारण मुलगी मोठ्या सरांची. तिसरं विभागप्रमुखांचं, कारण त्यांच्या सहीशिवाय इथे पंखासुद्धा दुरुस्त होत नाही. उरलेल्या चौघांनी काय केलं हे कुणालाच ठाऊक नव्हतं, त्या चौघांनाही नाही. धाकटीचं नाव शेवटी, आभार मानतात तिथे होतं, काचेची भांडी पुरवणाऱ्या दुकानाच्या खाली.

ती विचारायला गेली होती. ‘अगं, विज्ञानात असं मी-मी करायचं नसतं,’ मोठे सर म्हणाले. त्यांच्या मागच्या भिंतीवर सत्कारांचे फोटो होते आणि प्रत्येकात मधोमध तेच होते. धाकटीने राग गिळला. गिळण्यावाचून इलाजही नव्हता. कायम जागेसाठी पहिलं नाव असलेला निदान एक शोधनिबंध लागतो, आणि तिच्यापाशी तेवढं सोडून बाकी सगळं होतं.

दोन वर्षं गेली. मग एका सकाळी मोठे सर स्वतः जिना उतरून तिच्या टेबलापाशी आले. हातात चहाचे दोन कप. ते जिना उतरतात ते फक्त आग लागल्यावर, हे धाकटीच्या लक्षात यायला हवं होतं. पण दुसरा कप आपल्यासाठी आहे म्हटल्यावर बिचारीचं लक्ष उडालं.

‘तुझ्यावर अन्याय झालाय गं,’ सर म्हणाले. ‘मला रात्र-रात्र झोप नाही. जर्नलला कळवतोय, पहिलं नाव तुझं. बाकीच्या सगळ्यांनी सह्या केल्यात. तू तेवढी कर.’

सुट्टीच्या तारखेवरही कधी एकमत न झालेल्या त्या सात जणांनी एका दिवसात सह्या केल्या होत्या. जावईबापूंनी तर प्रवासातून पाठवली होती. धाकटीने सही केली, मग बाथरूममध्ये जाऊन पोटभर रडली. संध्याकाळपर्यंत तिच्या आईने आत्याला, मावशीला आणि ‘अजून तात्पुरतीच का?’ असं दर भेटीत विचारणाऱ्या काकूला फोन करून झाले होते. काकूला दोनदा केला. कायम जागेची मुलाखत पुढच्याच महिन्यात होती.

चार दिवसांनी जर्नलच्या संपादकबाईंचा फोन आला. ‘अभिनंदन. आता पहिल्या लेखक तुम्ही, तेव्हा तक्रारीचं उत्तरही तुमच्याकडूनच येऊ दे.’

‘कसली तक्रार?’

बाईंनी सांगितलं. दुसऱ्या एका प्रयोगशाळेने तसाच फिल्टर करून पाहिला. चार महिने उत्तम चालतो. मग शिसं अडवणं थांबतं आणि अडवलेलं शिसं उलट पाण्यात यायला लागतं. तुमच्या आलेखात मात्र वर्षभर रेष सरळ आहे. मोजमापं मागितली तर मोठ्या सरांनी कळवलं की ती ज्यांनी घेतली त्यांचं नाव लवकरच पहिलं लागेल.

तक्रार चालू असताना नावं बदलायची नाहीत, असा त्या जर्नलचा कडक नियम होता. पण मोठे सर जर्नलच्या सल्लागार मंडळावर होते, आणि नियमाला माणसं ओळखता येतात.

धाकटीने आपली मोजमापं काढली. पाचव्या महिन्यापासून शिसं वाढतच गेलेलं, तिनेच मोजलेलं, तिनेच निबंधाच्या मसुद्यात लिहून सरांना दिलेलं. मग छापलेला निबंध काढला. खरं सांगायचं तर तो आला त्या दिवशी तिने वरची नावांची ओळ डोळे दुखेपर्यंत वाचली होती आणि खालचा आलेख एकदाही पाहिला नव्हता. आता पाहिला. शेवटचे आठ महिने कुणीतरी पट्टीने काढले होते. आणि याच निबंधाच्या भरवशावर कितीतरी शाळांमध्ये ते फिल्टर बसले होते. तिला स्वतःची इतकी लाज वाटली की क्षणभर सरांचा राग यायचाही राहून गेला.

मग आला. ती तडक वर गेली.

‘घाबरू नकोस,’ सर म्हणाले. ‘आलेख काढताना तुझ्या हातून चूक झाली, असं तू लिहून टाक. एक छोटीशी दुरुस्ती छापतील, विषय संपला. मुलाखतीला मीच बसणार आहे ना?’

‘आणि शाळांतलं पाणी?’

‘ते शाळा बघतील. आपण संशोधक आहोत, प्लंबर नाही.’

‘ती रेष कुणी सरळ केली, सर?’

सर खिडकीबाहेर बघू लागले. ‘रेष एकदा चांगली निघाली की जाते गं पुढे आपोआप.’

त्याच दुपारी धाकटीने बारा महिन्यांची मोजमापं जर्नलला पाठवली. खाली लिहिलं, पहिली लेखक म्हणून मी हा निबंध मागे घेते आहे, आणि शाळांना आजच्या आज कळवा. संपादकबाईंनी गोड आवाजात विचारून पाहिलं, की दुरुस्तीवर नाही का भागणार? यंदा आमच्याकडचा सर्वांत जास्त उल्लेख झालेला निबंध आहे हो हा.

‘मुलं ते पाणी पितायत, बाई,’ धाकटी म्हणाली.

निबंध मागे घेतला गेला. शाळांतले फिल्टर निघाले. सातही जणांनी लगोलग कळवलं की या कामाशी आमचा काडीचाही संबंध नव्हता. त्या निबंधाबद्दल सातही जण खरं बोलले ते तेव्हाच. आईने काकूचा फोन घेणं सोडून दिलं आणि दोन दिवस धाकटीशीही ती जेवणाखाण्यापुरतंच बोलली.

सरांच्या चौकशीसाठी समिती नेमायचं ठरलं. समितीला अध्यक्ष मिळेना, म्हणून तोवर सर मुलाखतीच्या खुर्चीवर होतेच. शेजारी विभागप्रमुख, आणि बाहेरून आलेल्या एक पांढऱ्या केसांच्या बाई.

‘पहिलं नाव असलेले शोधनिबंध?’ सरांनी तिला ओळखत नसल्यासारखं विचारलं.

‘एक.’

‘तो मागे घेतलाय.’ सरांनी कागदावर शून्य लिहायला घेतलं.

‘शून्य नका लिहू, सर,’ धाकटी म्हणाली. ‘एक लिहा आणि त्याच्यापुढे “मागे घेतला” असंही लिहा. ती दोन्ही कामं मीच केलीत. मधलं काम तेवढं माझं नाही.’

विभागप्रमुखांनी घाईघाईने पुढच्या उमेदवाराचा अर्ज उचलला. पांढऱ्या केसांच्या बाईंनी चष्मा वर सरकवला.

‘मधलं कोणतं काम?’ त्यांनी विचारलं.

धाकटीने खुर्ची टेबलाजवळ ओढली आणि पाचव्या महिन्यापासून सांगायला सुरुवात केली.