सुरंगीचा कौल

गुरुदासाच्या दुकानाला दुकान म्हणणं म्हणजे देवळाबाहेरच्या एका बाकड्याला जरा जास्तच मान देणं होतं. पण गावात कुणालाही फुलं लागली की माणूस त्या बाकड्याशीच येई. फुलं कुठून येतात हे मात्र कुणी विचारत नसे. अबोली बांद्याच्या बाजूने यायची, ती गोव्याची हद्द बंद झाल्यापासून थांबली होती. दोन सरकारांच्या भांडणात अबोलीने कुणाचं काय घोडं मारलं होतं, ते तिलाच ठाऊक. जुई गावातल्या घरांमागच्या परड्यांतून यायची. आणि चैत्रात सुरंगी यायची ती शिरोड्याहून, रुक्मिणीकाकीच्या झाडावरून. उजाडायच्या आत तोडलेले मिटलेले कळे, केळीच्या पानात बांधून, एसटीच्या टपावरून. ड्रायव्हर भाडं घेत नसे. त्याच्यासमोरच्या तसबिरीतल्या गणपतीला रोज एक गजरा मिळे, तेवढ्यावर टोपली सुखरूप येई.

आज गुरुदासाच्या मुलीचं, मथुराचं लग्न होतं आणि घरात सुरंगीचा एक कळा नव्हता.

काल होते. काल टोपलीभर होते. पण फूलवाल्याने घरासाठी फुलं राखून ठेवणं म्हणजे हलवायाने स्वतःच पेढे खाणं. गुरुदासाने सगळे विकले. मथुराचे काय, लग्नाच्या सकाळच्या गाडीने येतीलच!

गाडी आली. टोपली आली नाही. कंडक्टर उतरला तोच एका डोळ्याने. दुसरा सुजून बंद होता.

"टोपली खंय?" गुरुदासाने विचारलं.

"व्हाळात."

"व्हाळात कित्याक?"

"काकीन फुललेली फुलां धाडल्यान! चेडवाचा लगीन म्हणान चांगली निवडून, टपोरी! कुडाळच्या अलीकडे मधमाशये इले. अख्खो पोळो रे! सगळे उतरले, पळाले. एक म्हातारी तेवढी बसान रवली, तिका म्हणे तिकिटाचे पैसे वसूल करूचे होते. मगे मी टोपली व्हाळाच्या पाण्यात फेकलंय." त्याने उरलेला डोळा चोळला. "लगीन बऱ्यापैकी होवंदे हां."

मिटले कळे वासाने मुके असतात, म्हणून तर ते गाडीतून येऊ शकतात. हे काकीला गुरुदासापेक्षा जास्त कळत होतं. पण मायेने माणसाची अक्कल जाते, तशी तिचीही गेली.

गुरुदासाला आज सुरंगीवाचून चालणार नव्हतं. कारण तळेऱ्याच्या सावित्रीबाईने, म्हणजे होणाऱ्या विहिणीने, हुंडा मागितला नव्हता. तिने सुरंगी मागितली होती. तिच्या स्वतःच्या लग्नात केसांत कण्हेर होती आणि तिची सासू मरेपर्यंत तिला 'कण्हेर' म्हणूनच हाक मारत होती. "माझी सून सुरंगी माळूनच बोहल्यार चढतली," तिने बैठकीत सांगितलं होतं. "फूलवाल्याच्या घराक तेवढापण जमणा नसात तर आमी उठतो." मथुराची दोन स्थळं आधीच उठून गेली होती. तिसरं उठलं असतं तर चौथं बसायला आलंच नसतं.

गुरुदास गावभर धावला. काल फुलं कुणाकुणाला विकली ते त्याला तोंडपाठ होतं. पण मास्तरांच्या घरचा गजरा वासराने खाल्ला होता. खोताकडचा त्याच्या बायकोने नवऱ्यावर रागावून चुलीत घातला होता. शेवटी तो रवळनाथाच्या देवळात शिरला आणि गुरव असलेल्या महादूसमोर बसला.

"म्हादू, कौल लाव. देवाक विचार, सुरंगी खंय गावतली."

"कौलाक कळे होये. हाडलंस?"

"कळे आसते तर विचारूक कित्याक येतंय?"

महादूने मान डोलावली. मुद्दा बरोबर होता, पण नियमही बरोबर होता. मग त्याची नजर गाभाऱ्याकडे गेली आणि गुरुदासाचीही गेली. काल दोन भावांच्या विहिरीच्या तंट्यासाठी महादूने देवाच्या पाषाणावर ओले कळे चिकटवले होते, उजवीकडे होकाराचे, डावीकडे नकाराचे. देवाने दोन-चार कळ्यांतच तंटा मिटवला होता. बाकीचे अजून तिथेच होते. सुरंगीचे. गुरुदासाच्याच दुकानातले.

गुरुदास उठला.

"हात लावशीत तर बघ," महादू म्हणाला. "देवाक लावलेलो कळो माणसान काढूचो नसता. तेना पाडलो तरच. उजवो पडलो तर तुझो परसाद. डावो देवाचो."

"मगे विचार."

"काय विचारू?"

"कायव. जेचा उत्तर 'होय' येयत असा!"

महादू हात जोडून उभा राहिला आणि गाऱ्हाणं घालू लागला. "बा देवा म्हाराजा, हो तुझो लेकरू गुरुदास विचारता, समुद्रात पाणी आसा काय?"

"व्हय म्हाराजा," गुरुदास म्हणाला. गाऱ्हाण्याला गाव देतो ती साथ द्यायला इथे दुसरं कुणी नव्हतं.

उजवा कळा पडला. गुरुदासाने तो धोतरात झेलला.

"गुरुदासाक दोन पाय आसत काय?" उजवा. "माड सरळ वाढता काय?" बऱ्याच विचारानंतर उजवा. गुरुदास पडेल तो कळा दोऱ्यात गुंफत होता. गाठ चुकत नव्हती.

"उद्या सूर्य उगवतलो काय?"

डावा पडला.

महादूने तो उचलून देवाच्या पायाशी ठेवला.

"ढग असतीत," महादू म्हणाला.

"चैतात?"

"देव तो. तेका ठावक. फुडे विचारतंय."

दूर वाजंत्री सुरू झाली. घामाने गुरुदासाचा सदरा पाठीला चिकटला. गजरा जेमतेम अंबाड्याच्या अर्ध्या फेराइतका झाला होता आणि उजवीकडे एकच कळा उरला होता. "आता तूच विचार, बेगीन," महादू म्हणाला. "माज्या डोक्यात आता कायएक रवाक नाय."

गुरुदासाच्याही डोक्यात काही नव्हतं. तोंडातून जे आलं ते आलं.

"माजा मथू थंय सुखात रवात मा?"

महादूने त्याच्याकडे वळून पाहिलं. कळा हलला नाही.

"ह्या नको," गुरुदास घाईने म्हणाला. "ह्या मी इचारूक नाय. माडाचाच परत इचार."

"देवाम्होरा टाकलेलो शब्द परत घेवक येणा नाय. आणि उत्तर येयसर उठाकव येणा नाय. उठलंस तर चेडवाच्या सुखाक तूच नको म्हटलंस असा होता."

इतक्यात गुरुदासाची बायको यशोदा नऊवारीचा ओचा सावरत दारात आली. "अवो, खंय आसात तुमी? मुहूर्त इलो! सावित्रीबाय चार वेळा चेडवाच्या केसांकडे बघून गेली!"

गुरुदासाने बसूनच गजरा पुढे केला. यशोदाने तो घेतला, हुंगला. वास अजून नव्हताच.

"इतकोच?"

"देवाचो आसा म्हणान सांग. तिची बोलूची टाप नाय."

"आणि तुमी? कन्यादान कोण करतलो?"

"तुझ्या भावाक उभो कर."

"येडे झालात काय?"

"गो, जा तू!" तो ओरडला. त्याचा आवाज गाभाऱ्यात घुमून त्याच्याच अंगावर आला. यशोदा रडत धावत गेली.

मग ते दोघे बसून राहिले. मांडवातून मंगलाष्टकं ऐकू येऊ लागली. पहिलं संपलं, दुसरं संपलं. गुरुदास त्या कळ्यावरून नजर काढत नव्हता. पड, मेल्या. उजवो पड. डावो पडू नको. नायतर पडूच नको. नाय, पड.

कळा पडला नाही. समईच्या उबेने म्हणा, ओल्या पाषाणामुळे म्हणा, तो जागच्या जागी हळूहळू उमलला. वासाने गाभारा भरून गेला.

"ह्येचो अर्थ काय रे?" गुरुदासाने विचारलं.

"माज्या बापाशीन असो कौल बघूक नाय," महादू म्हणाला. "आजयानव नाय."

एक मधमाशी खिडकीतून आत आली, देवाच्या डोक्याभोवती फिरली आणि फुलात शिरली. फूल तेवढ्याने थरथरलं. मांडवात 'सावधान' झालं, अक्षता पडल्या असाव्यात, वाजंत्र्यांनी एकदम कल्लोळ केला.

"व्हय म्हाराजा," गुरुदास म्हणाला. गाऱ्हाणं कुणीच घातलं नव्हतं.