पासावर नसलेले स्टेशन

मित्रांनो, एक फलाट आणि एक खोली एवढाच माझा संसार. हैदराबादपासून पन्नास किलोमीटरवर, चिन्नगुट्टा गावाच्या कडेला असलेले मी एक जुने रेल्वे स्टेशन आहे. माझ्यासारख्या स्टेशनाला हॉल्ट म्हणतात. इथे स्टेशनमास्तर नसतो. गावातलाच एक माणूस तिकिटे विकतो. माझ्याकडे ते काम अंबाजी करायचा.

गावकऱ्यांनी अर्ज करकरून मला मिळवले. फलाटाचा मुरूम त्यांनीच डोक्यावरून वाहिला. पहिली गाडी थांबली, तेव्हा इंजिनाला झेंडूच्या माळा घातल्या. पुढे माझे कौतुक कोणी केले नाही. पण सकाळची पॅसेंजर थांबायची आणि चाळीसेक माणसे चढायची. मला तेवढे पुरे होते.

त्यांतल्या एक विमलाबाई. नांदेडकडून लग्न होऊन इथे आलेल्या. हैदराबादेत तारनाक्याच्या एका वसतिगृहात त्या स्वयंपाक करत. आठच्या आत चूल पेटवायची, तर या गाडीवाचून सोय नव्हती. फाट्यावरून पहिली बसच आठला सुटते.

अंबाजी त्यांना चिडवायचा, "काय अक्का, आज तरी माझं तिकीट घेता का?"

"पास आहे की माझा. तुझं तिकीट काय भाकरीबरोबर खाऊ?"

पास सगळ्यांकडेच होते. पण ते शहरात काढलेले, आणि माझ्या पुढच्या मोठ्या स्टेशनापर्यंतचे. भाडे सारखेच पडते आणि रविवारी तिथल्या बाजारालाही जाता येते, म्हणून. यात काही चुकते आहे, असे मलाही कधी वाटले नाही.

गेल्या वर्षी एक साहेब आले. माझा थांबा ठेवायचा की काढायचा, याचा अहवाल त्यांना द्यायचा होता. त्यांनी अंबाजीची वही उघडली. महिन्याला अकरा तिकिटे.

विमलाबाई पुढे झाल्या. "साहेब, आम्ही चाळीस माणसं इथं उभी आहोत. मोजा ना."

साहेब वाईट नव्हते. ते हळूच म्हणाले, "अम्मा, मला कागदावरचीच माणसं मोजता येतात. तुमच्या पासावर चिन्नगुट्टा कुठे आहे, दाखवा."

विमलाबाईंनी पास उलटसुलट करून पाहिला. मग पिशवीत ठेवला.

त्याच आठवड्यात साऱ्यांनी माझ्या नावाचे पास काढले. पण अहवालात आधीच्या वर्षाचीच विक्री धरली होती. दोन महिन्यांनी थांबा काढल्याचा हुकूम आला.

वसतिगृहाने विमलाबाईंसाठी पंधरा दिवस वाट पाहिली, मग दुसरी बाई ठेवली. गावाने पुन्हा अर्ज केला आहे. उत्तर आले, की आधी तिकीटविक्री दाखवा. गाडी थांबत नाही, तर तिकीट कोण घेणार? अंबाजीने खिडकीला कुलूप लावले आहे.

सव्वासहाला रूळ थरथरू लागतात. गाडी हळू होईल, असे मला रोज वाटते. ती होत नाही.

मित्रांनो, तुमच्या गावाजवळ माझ्यासारखे एखादे लहान स्टेशन असेल, तर तिकीट त्याच्याच नावाचे काढा. तुम्ही तिथून जाता-येता, हे कुठेतरी लिहिलेले असू द्या.