क्लाऊडवर जाण्याचा पहिला मान

आमच्या दूध संघात निर्णय घ्यायला अक्कल लागत नाही, मान लागतो. पहिला फेटा कुणाला, पहिला हार कुणाला, चहाचा पहिला कप कुणापुढे, एवढं ठरलं की उरलेलं कामकाज आपोआप उरकतं. मी या संघाच्या संगणक विभागाची प्रमुख. विभागात मी एकटीच असल्यामुळे प्रमुख होणं फारसं अवघड गेलं नाही.

उन्हाळ्याच्या तोंडावर आमचे अध्यक्ष उदयसिंहदादा पुण्याला कसल्याशा परिषदेला जाऊन आले. येताना शाल, श्रीफळ आणि एक शब्द घेऊन आले. सोलापुरातल्या सात रस्त्याच्या कचेरीत पाऊल ठेवता ठेवताच म्हणाले, "उत्कर्षा मॅडम, आपलं समदं क्लाऊडवर टाका."

"समदं म्हणजे काय काय, दादा?"

"समदं म्हंजे समदं. पुण्यात कुनाच्या कचेरीत यंत्र दिसंना, आनि आपल्याकडं ते कपाटाएवढं धूड घरघर करतंय. पावन्यांस्नी दाखवायची लाज वाटती."

क्लाऊड म्हणजे स्वतःचं यंत्र न बाळगता दूरच्या कुणाच्या तरी मोठ्या यंत्रावर इंटरनेटवरून आपलं काम चालवायचं. त्यात वाईट काही नाही. पण प्रत्येक काम तिकडे पाठवण्यासारखं नसतं, हे मी दादांना समजावलं, आणि "मग ठरवा की तुमीच, काय जाईल काय न्हाय" अशी परवानगीही मिळवली. मला वाटलं, जिंकले. इतकी वर्षं इथे काढूनही मी अशी भाबडी राहिले, याचं मलाच नवल वाटतं.

मी नीट विचार करून टिपण केलं. दिवाळीचा बोनस क्लाऊडवर जावा, कारण वर्षातून एकदा सगळ्या सभासदांचा हिशेब करताना जुनं यंत्र धापा टाकतं आणि उरलेलं वर्ष नुसतं बसून वीज खातं. त्यापेक्षा गरजेपुरतं मोठं यंत्र भाड्यानं घ्यावं आणि काम झालं की सोडून द्यावं. सभासदांचं अ‍ॅपही जावं, कारण बिल निघतं त्या सकाळी ते सगळे एकदमच उघडतात. जुन्या नोंदींची एक प्रत तर जावीच, कारण कचेरीला आग लागली तर ती कपाटाला विचारून लागणार नाही.

गावोगावचं दूधसंकलन मात्र जागच्या जागी राहावं. किटली आली, काट्यावर चढली, फॅट तपासलं, पावती निघाली की दूध थंड टाकीत जायला हवं. तिथल्या प्रत्येक वजनाला सोलापूरबाहेर कुठेतरी जाऊन परत यायला लावलं, आणि मध्येच इंटरनेटची लाइन गेली, तर माणूस हातावर हात ठेवून बसेल, पण दूध बसणार नाही, ते नासेल. म्हणून नोंद तिथल्याच संगणकात व्हावी आणि लाइन असेल तेव्हा वर पाठवावी, एवढंच माझं म्हणणं होतं.

यात माझा स्वार्थ होता, तो मी लपवत नाही. मैंदर्गीचं केंद्र माझी आत्या चालवते. विजयमाला तिचं नाव. घरोघर फिरून, बायकांची मनं वळवून, स्वतःची शेड देऊन तिनं ते उभं केलं. संघाचा नियम असा की केंद्राचं दूध ठरलेल्या पातळीखाली गेलं की केंद्र बंद. आत्याचं केंद्र त्या पातळीच्या जेमतेम वर होतं. चार घरं फुटली की संपलंच. आणि मैंदर्गीची लाइन म्हणजे रुसका जावई, कधी येईल आणि कधी उठून जाईल याचा नेम नाही.

संचालकांच्या सभेत मी टिपण वाचलं. मंद्रूपचे बाळासो शेवटपर्यंत शांतपणे ऐकत होते. मग म्हणाले, "मंजी बोनस क्लाऊडवर जानार आनि मंद्रूप खाली ऱ्हानार? मंद्रूप संघाचं पयलं केंद्र हाय. बोनस काय संचालक हाय का?"

"बाळासो, यात मान-अपमान काही नाही. उलट केंद्रं महत्त्वाची आहेत म्हणूनच जागेवर ठेवायची."

"घरातल्या म्हाताऱ्यालाबी असंच सांगत्यात मॅडम. तुमी महत्त्वाचे, तुमी हितंच बसा. आनि बाकी समदी जत्रंला जात्यात."

सभा खदखदून हसली. माझं टिपण तिथेच मेलं.

करकंबच्या श्रीमंतरावांनी लगेच सांगितलं की दूध सगळ्यात जास्त करकंबचं, तेव्हा मंद्रूप आधी कसं जाईल? मैंदर्गीचे सिद्धलिंगप्पा तर उठून उभेच राहिले. "आणि नम्म मैंदर्गी, आमची मैंदर्गी? आमी सीमेवरचे म्हनून खाली ठेवता काय?" बाळासो पुटपुटले, "कानामागनं आली आनि तिखट झाली." त्यावरून अर्धा तास गेला.

मी शेवटचा प्रयत्न केला. म्हटलं, निदान वजनाची नोंद तरी केंद्रावर होऊ द्या, मग ती वर जाईल.

"म्हंजे अर्धं खाली आनि अर्धं वर?" दादा म्हणाले. "एकाच पंगतीत अर्ध्या मानसांना पाटावर आनि अर्ध्यांना भुईवर कसं बसवायचं?"

मग दादांनी तोडगा काढला. सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेत मिरवणुकीतल्या मानाच्या नंदीध्वजांचा क्रम ठरलेला असतो, तसा आपलाही ठरवू. पहिला मान मंद्रूपचा, दुसरा करकंबचा, तिसरा मैंदर्गीचा. बोनस, अ‍ॅप आणि जुन्या नोंदी यांच्या बाजूनं बोलायला संचालक नव्हता, त्यामुळे ते सगळं कचेरीतल्या धुडातच राहिलं. त्यांनाही पाठवू या का, असं मी विचारलं, तेव्हा दादा म्हणाले, "समद्यांनाच वर बसवलं तर वर बसन्यात काय मान ऱ्हायला?" त्यांच्या बाजूनं बघितलं तर बरोबरच होतं.

मैंदर्गीचा समारंभ थाटात झाला. काट्याला हार, संगणकाला गंध, शेडवर संघाची नवी पाटी, नारळ फुटला. सगळे संचालक आले. लाइनही आली होती, पाहुण्यांसमोर सगळेच नीट वागतात. दादांनी जाहीर केलं की इथून पुढे संगणकाच्या पावतीशिवाय एक थेंबही टाकीत जाणार नाही, आणि तसं घेणाऱ्या केंद्रचालकाला घरी बसवलं जाईल. टाळ्या पडल्या.

आठवडाही गेला नसेल, सकाळी आत्याचा फोन आला. "उत्कर्षा, नुसतं गोल गोल फिरतंय गं."

"लाइन गेली असेल, आत्या. कागदावर लिहून घे आणि दूध ओत."

"ओतू कसं? तुज्या दादांनी समद्या गावासमोर सांगितलंय की. आनि किटल्या घेऊन बायका दारात उभ्या हायत. ऊन चढाय लागलंय."

फोन चालूच ठेव असं तिला सांगून मी दुसऱ्या फोनवरून दादांना गाठलं. दादा म्हणाले, मैंदर्गी सिद्धलिंगप्पांच्या मानाची, त्यांना विचारा. सिद्धलिंगप्पांना विचारलं. "अय्यो, मंद्रूप वर आनि आमी एकटेच खाली उतरायचं? गावात तोंड कसं दाखवू? आदी मंद्रूपला उतरवा." बाळासोंना विचारलं. ते मोठ्या मनानं म्हणाले, "उतरायचा पयला मान आमी मैंदर्गीला देतो."

मी ओरडले. तिघांवरही ओरडले. नोकरी जाते की राहते, याचं त्या क्षणी मला काहीच वाटलं नाही. तिघांनीही मला शांत राहायचा सल्ला दिला.

आत्याचा फोन चालू होता. किटलीचं झाकण उघडल्याचा आवाज आला, मग गोजाबाईंचा. आत्याच्या शब्दावर संघाला दूध घालायला लागलेल्या त्या पहिल्या. "नासलं गं, विजे," एवढंच म्हणाल्या. नंतर दूध मातीत ओतल्याचा आवाज. एकीनंतर एक.

त्या संध्याकाळच्या दुधाला खाजगी डेअरीचा टेम्पो आला. त्यांच्या माणसाकडे एक मोबाईल होता. वजन त्यातच नोंदवायचा, पावती तिथेच द्यायचा, लाइन आली की मोबाईल आपलं आपण सगळं वर पाठवून द्यायचा. माझं टिपण त्यांनी वाचलं नव्हतं, नाहीतर मी त्यांनाच नोकरी मागितली असती. आधी दोन घरं तिकडे गेली, मग गल्ली गेली. गोजाबाई सगळ्यांत शेवटी गेल्या, आणि जाण्याआधी आत्याला सांगून गेल्या. दूध पातळीखाली गेलं आणि केंद्र बंद झालं.

पुढच्या सभेत दादांनी आनंदानं सांगितलं, "मैंदर्गीची क्लाऊडबाबत या महिन्यात एकबी तक्रार न्हाय." टाळ्या झाल्या. सिद्धलिंगप्पांना शाल मिळाली. मी उभी राहून म्हटलं, दूधच येत नाही तर तक्रार कुठून येणार?

"मंजी लोडबी न्हाय," बाळासो म्हणाले. "झकास."

आता आत्याच्या शेडवरची संघाची पाटी कुणी काढायची, हा विषय आहे. आत्यानं निरोप पाठवलाय, "लावायला समदे आले हुते, काढायलाबी या. मी चा ठेवते." बाळासो म्हणतात, केंद्र मैंदर्गीचं, मान सिद्धलिंगप्पांचा. सिद्धलिंगप्पा म्हणतात, पहिला मान कायम मंद्रूपचा. एकमेकांना इतक्या आदरानं पुढे करताना मी यांना पहिल्यांदाच बघतेय.

पाटी अजून तिथेच आहे. रोज सकाळी तिच्याखालीच टेम्पो उभा राहतो आणि सिद्धलिंगप्पांच्या घरच्या म्हशींचं दूधही त्यातच जातं. आत्या तेवढा वेळ दार लावून आत बसते. पूर्वी त्या वेळेला फोन केला की ती माझ्यावर खेकसायची, किटल्यांची वेळ हाय, मागनं कर. आता पहिल्याच रिंगला उचलते आणि म्हणते, "बोल की पोरी, मोकळीच हाय मी."