न कुरकुरणारी खुर्ची

खुर्ची कुरकुरते म्हणून कुणाच्या घरात कधी भांडण झालंय? आमच्या घरात झालं. आणि साधंसुधं नाही, भरल्या ताटावरून उठण्यापर्यंत गेलं.

आधी आम्ही कोण ते सांगते, नाहीतर तुम्ही म्हणाल ही बाई मधूनच सुरू झाली. आमचा सुतारकामाचा कारखाना. कारखाना म्हणायचं आपलं. एक लांबलचक शेड, दोनतीन यंत्रं आणि पायाखाली भुसा. माझ्या वडिलांनी तो उभा केला, आता माझा थोरला भाऊ, दादा, चालवतो. गिऱ्हाइकांशी वहिनी बोलते, कारण दादाला गोड बोलणं जमत नाही. मिस्त्री वडिलांच्या वेळेपासूनचे. पॉलिश मी करते, आणि माझ्या हाताखालून खरबरीत वस्तू बाहेर गेली असं सांगणारा माणूस अजून जन्माला यायचाय. राहिली दादाची एकुलती एक लेक. ती एका जागी बसेल तर शपथ, म्हणून सगळे तिला भिंगरी म्हणतात.

तर आमचा धंदा बसला होता. लोक आता खोक्यातून सुटं फर्निचर आणतात, घरीच स्क्रू पिळतात आणि वर्षभरात फेकून देतात. त्यांचं त्यांना लखलाभ. पण आमच्याकडे काम येईना. शेजारच्या गोदामवाल्यानं शेड विकत मागितली, यंत्रांसकट, आणि दादा हो म्हणाला. महिनाअखेरीस किल्ल्या द्यायच्या ठरलं. भिंगरीसाठी ओळखीनं एका ऑफिसात नोकरीही बघून ठेवली.

सगळं असं ठरलेलं असताना ही पोरगी जेवताना म्हणते, "बाबा, मोठ्या वाचनालयातल्या खुर्च्या बदलणार आहेत. मी तिथल्या बाईंना भेटून आले."

"का बदलणार? चांगल्या आहेत की."

"कुरकुरतात. कुणी जरा हललं की अख्खं दालन माना वर करतं. बाई म्हणाल्या, माणसांना मी गप्प करते, खुर्च्यांना कसं करू?"

मी वहिनीकडे पाहिलं, वहिनीनं माझ्याकडे. त्या खुर्च्या आमच्याच होत्या. माझ्या वडिलांनी केलेल्या. दादाला मिसरूडही फुटलं नव्हतं तेव्हा त्यानं त्या खुर्च्यांचे पाय घासले होते.

"त्या तुझ्या आजोबांनी केल्यात," दादा म्हणाला.

"माहितीये मला. म्हणून तर इतकी वर्षं टिकल्या. पण कुरकुरतात, बाबा."

दादानं ताट सारलं आणि उठला. आमचा दादा म्हणजे मोडेन पण वाकणार नाही. पण भिंगरीही त्याचीच लेक, ती मागोमाग मोरीपर्यंत गेली. "खुर्ची जोडात कुरकुरते ना? मग जोडच कमी करायचे. मागचे दोन्ही पाय आणि पाठ मिळून एकच लांब काठी, वर गोल वळवलेली. वाफेवर लाकूड वाकतं. पुस्तकात पाहिलंय मी."

"लाकूड वाकवणार!" दादा हात धूत हसला, पण ते हसू काही बरं नव्हतं. "ते काय तुझी आई आहे, तू लाडात आलीस की वाकायला?"

"मला कशाला मध्ये ओढता?" वहिनी आतून ओरडली.

"बाई म्हणाल्यात, एक खुर्ची करून आण. ती कुरकुरली नाही तर सगळ्या दालनाचं काम आपलं," भिंगरी म्हणाली. "आणि एका दालनाचं काय घेऊन बसलात, बाबा? जिथं जिथं माणसांना शांतता लागते, तिथं तिथं ही खुर्ची लागणार. शाळेत, दवाखान्यात, गाण्याच्या सभागृहात. मला ती दिसतेय."

हे म्हणताना ती समोरच्या भिंतीकडे बघत होती. मीही वळून बघितलं. भिंतीवर गेल्या वर्षीचं कॅलेंडर होतं, दुसरं काही नव्हतं.

"किल्ल्या द्यायच्या आत काय करायचं ते कर," दादा म्हणाला. त्याला वाटलं, चार दिवस नाचेल आणि बसेल.

ती कसली बसतेय! तिनं फळ्यांची एक लांब, अरुंद पेटी ठोकली. पाण्याचं पिंप चुलीवर ठेवायचं आणि त्यातली वाफ नळीनं पेटीत सोडायची. खुर्चीच्या पाठीच्या वळणाचा जाडजूड साचा केला. आणि लाकूड कुठलं घेतलं? वडिलांनी माळ्यावर जपून ठेवलेली फळी! आमच्या घरात त्या फळीपाशी कुणी मोठ्यानं शिंकत नाही. हाडासारखी सुकी, एक गाठ नाही. पुस्तकात लिहिलं होतं, नुकत्याच तोडलेल्या झाडाची काठी घ्या. तिनं ते वाचलंही होतं. पण सुताराच्या घरची पोर! ओल्या लाकडाची वस्तू करणं म्हणजे आमच्याकडे दुधात पाणी घालण्याहून वाईट. तिला वाटलं, पुस्तक लिहिणाऱ्याला सुतारकामातलं काय कळतंय?

फळीतून काठी कापली, वाफ दिली, बाहेर काढली, तिनं आणि मिस्त्रींनी ती साच्यावर ओढली, आणि बार उडाल्यासारखा आवाज होऊन काठीचे दोन तुकडे झाले. मिस्त्रींनी डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली. दादा दारात उभा होता. तो पाठ फिरवून निघून गेला.

"झालं समाधान?" मीच म्हणाले. माझी जीभ मला न विचारता चालते.

भिंगरी रडली नाही. तुटलेलं टोक तिनं नाकाशी नेलं, बोटांनी चुरून बघितलं. "आत्या, यात ओल म्हणून नाही गं. बिचारं वाकणार कशाच्या जोरावर?" असं म्हणाली आणि चपला अडकवून बाहेर पडली.

त्याच आठवड्यात वादळानं शाळेपुढचं मोठं झाड आडवं केलं होतं. पालिकेची माणसं ते तोडत होती आणि येणारे-जाणारे ढलप्या उचलून नेत होते. आम्हीही रोज त्याला वळसा घालून जात होतो. सगळ्यांना तिथं जळण दिसलं. हिला खुर्च्या दिसल्या. खोडाचा सरळ भाग हातगाडीवर टाकून ती घामाघूम होऊन परत आली. साल अजून ओली होती, हात लावला तर चिकटत होता.

"हे?" मिस्त्री म्हणाले. "पोरी, हे अजून रडतंय."

"रडू दे. तुम्ही पाचरी काढा, काका."

तिनं करवत लावूच दिली नाही. पाचरी ठोकून खोड उभं फाडलं, म्हणजे लाकडाची रेषा टोकापासून टोकापर्यंत अखंड राहते. आयुष्यभर सुक्या लाकडाची शेखी मिरवणारे आमचे मिस्त्री त्या ओल्या काठ्यांकडे असे बघत होते की जणू कुणी त्यांना चिखलाच्या विटांनी माडी बांधायला सांगितलीय.

एवढ्यानंही भागत नव्हतं. काठी वाकते तेव्हा तिची बाहेरची बाजू ताणली जाते आणि तिथंच फाटते. म्हणून त्या बाजूला पोलादाचा लांब, पातळ पट्टा घट्ट धरायचा. असा पट्टा आमच्याकडे एकच होता: मोठ्या करवत यंत्रावर गोल फिरतो तो. नवा मागवायचा तर बाहेरगावाहून येणार कधी? आणि गंमत बघा, आमच्या सगळ्या भंगारातलं गोदामवाल्याला खरोखर हवं होतं ते तेवढं एकच यंत्र, खोकी करायला.

भिंगरीला ज्या सोमवारी ऑफिसात हजर व्हायचं होतं, त्या सकाळी मी चहा घेऊन शेडमध्ये गेले. बघते तर काय, करवतीचा पट्टा कापून जमिनीवर लांबच्या लांब पसरलेला, आणि ही बया ग्राइंडर लावून त्याचे दात घासून काढतेय. सगळीकडे ठिणग्या.

"अगं ए! ऑफिसला जायचंय ना तुला?"

"त्यांना कळवलं, येत नाही म्हणून."

"आणि हे? हा पट्टा परत यंत्रावर चढेल का?"

"नाही." तिनं ग्राइंडर बंद केला. "आत्या, मला भीती वाटतेय."

तिनं हात कुडत्याला पुसले, एक घोट चहा घेतला, ग्राइंडर पुन्हा सुरू केला आणि पुढचे दात घासायला लागली, अगदी सरळ रेषेत. मी कप हातात धरून तशीच उभी राहिले. न घाबरणारी माणसं मी पुष्कळ पाहिलीत, त्यातली निम्मी मूर्ख असतात. पण एवढी घाबरलेली असताना पाऊल मागं न घेणारं माणूस मी पहिल्यांदा बघत होते, आणि त्याला लहानपणी मी अंघोळ घातली होती. मला तिचा धाक वाटला. खोटं कशाला सांगू, आदरच वाटला.

दादा आला. त्यानं पट्टा पाहिला आणि मटकन बाकावर बसला. "आता मी त्या गोदामवाल्याला काय तोंड दाखवू?"

"खुर्ची दाखवा," भिंगरी म्हणाली.

दुपारी पेटीच्या फटींतून वाफ फुसफुसायला लागली. शेडमध्ये कसला वास सुटला होता म्हणून सांगू! कापलेल्या गवताचा, उकडत्या सालीचा, हिरवागार. भिंगरीनं आम्हाला जागा नेमून दिल्या. एका टोकाला मिस्त्री, दुसऱ्या टोकाला मी आणि वहिनी, मध्ये साच्यापाशी ती. "बाहेर काढलं की लाकूड गार व्हायला लागतं. कुणी कुणाला काही विचारायचं नाही. मी चला म्हटलं की चालायचं, थांबायचं नाही."

दादा बाकावरच होता, हाताची घडी घालून.

"चला!"

काठी बाहेर आली, पट्ट्यात बसली, आणि आम्ही दोन्ही बाजूंनी साच्याभोवती चालायला लागलो. मी दात आवळले होते. कानात अजून तो पहिला आवाज होता, आता होईल, मग होईल. आणि लाकूड वाकलं. हो, वाकलं! झोपलेलं मूल कूस बदलतं ना, तसं. ना कडकड, ना धडपड. माझ्या हातमोज्यांखाली ते गरम लाकूड निमूटपणे वळत होतं आणि माझ्या अंगावर काटा आला. उभ्या जन्मात मी लाकूड घासलं, रंगवलं, चमकवलं, पण ते ऐकतं हे मला ठाऊक नव्हतं. वहिनी "अगंबाई, अगंबाई" एवढंच म्हणत होती. मिस्त्री चालता चालता चक्क रडत होते, ते वाफेनं की कशानं कोण जाणे.

टोकं आवळून झाली तेव्हा दादा माझ्यामागे उभा होता. कधी उठला कळलंच नाही. त्यानं त्या वळणावर बोट ठेवलं, चटका बसला तरी काढलं नाही. "एक रेषा तुटली नाही," तो म्हणाला. मग पुन्हा म्हणाला, "एक रेषा नाही."

पण वाकणं वेगळं आणि गप्प राहणं वेगळं. पाठ साच्यावर सुकू दिली, बैठक आणि पुढचे पाय बसवले, मी पॉलिश केलं, आणि किल्ल्या द्यायच्या आदल्या दिवशी आम्ही सगळे खुर्ची घेऊन वाचनालयात गेलो. भिंगरी ती एका हातात उचलून चालत होती. तिच्या चेहऱ्याचा रंग उडाला होता. ही खुर्ची कुरकुरली असती तर उद्या शेड गेली असती, आणि ऑफिस तर तिनं आधीच घालवलं होतं.

वाचनालयाच्या बाई म्हणजे नाकावर चष्मा आणि ओठांवर बोट. त्यांनी कोपऱ्यातल्या एका भल्या थोरल्या गृहस्थांना खुणेनं बोलावलं. हे गृहस्थ बसले की सगळं दालन दचकायचं म्हणे. ते बसले. मागं रेलले. पायावर पाय टाकला, काढला, वाकून पिशवीतून चष्मा घेतला. बाई डोळे मिटून ऐकत होत्या. मला फक्त पंख्याचा आवाज येत होता.

"उठा जरा," दादा त्यांना म्हणाला.

खुर्ची कुठं दुखते हे सुताराला बरोबर कळतं. दादा बसला आणि त्यानं मागच्या दोन पायांवर तोल घेतला. मग अंग पिळून एका कुशीवर भार टाकला. दोन्ही हातांनी बैठक धरून गदागदा हलवली. अरे, लेकीची खुर्ची आहे ती, वैऱ्याची नव्हे! भिंगरीनं माझं मनगट असं धरलं की बांगडी रुतली.

खुर्चीनं हूं की चूं केलं नाही. बाईंनी डोळे उघडले आणि त्या बोटानं दालनातल्या खुर्च्या मोजायला लागल्या.

दादा उठला आणि शेजारच्या जुन्या खुर्चीवर बसला, वडिलांनी केलेल्या. ती कुरकुरली. सगळ्यांनी माना वर केल्या. त्यानं तिच्या पाठीवरून हात फिरवला, बराच वेळ फिरवला, आणि खिशातून फोन काढला.

"हॅलो," तो अगदी हळू म्हणाला. "उद्या किल्ल्या देत नाही." पलीकडे गोदामवाल्याला ऐकू जाईना. "देत नाही म्हणतोय. शेड." तरी जाईना. मग आमच्या दादाचा खरा आवाज लागला. "अहो, शेड देत नाही! काय? करवत? करवतीचा पट्टा माझ्या लेकीनं कापला! हो, कापला! तिला लागत होता तो!"

अख्खं दालन आमच्याकडे बघत होतं. भिंगरीनं माझ्या खांद्यात तोंड खुपसलं आणि इतक्या दिवसांचं रडू एकदम सोडून दिलं. बाई दादाला गप्प करायला उठल्या होत्या, त्या तशाच खाली बसल्या.