परवा पाचपर्यंत

मुंगीला फ्रेममध्ये काच बसवायला मी शिकवलं, हे आधी ऐकून घ्या. पुढचं ऐकल्यावर तुम्ही तिच्याच बाजूचे होणार आहात, म्हणून आत्ताच सांगून ठेवते. ती आमच्याकडे आली तेव्हा तिला चष्म्याची काडी कुठून मिटते हेही माहीत नव्हतं. माझ्या बाबांचं चष्म्याचं दुकान आहे. मी अक्षरं शिकले तीसुद्धा दुकानाच्या भिंतीवरच्या तक्त्यावरची, वरून खाली लहान होत जाणारी. आणि ही माझी मामेबहीण. मामाच्या गावात कॉलेज नाही म्हणून आमच्याकडे राहायला आली. अंगाने एवढीशी आणि सदा काहीतरी उचलून इकडचं तिकडे नेत असायची, म्हणून मुंगी. माझ्याहून आठ महिन्यांनी लहान, तर मला ताई म्हणायची. मला तेही आवडायचं नाही.

आम्ही दोघी एकाच वर्गात, डोळे तपासण्याच्या अभ्यासक्रमाला. शेवटच्या वर्षी बोर्डावर नोटीस लागली. परदेशातल्या एका कॉलेजशी देवाणघेवाण ठरली होती. आपला एक विद्यार्थी सहा महिने तिकडे शिकणार, त्यांचा एक इकडे येणार. जागा एकच. मी नोटीस वाचली आणि मनातल्या मनात बॅग भरायला घेतली. दुसरं जाणार तरी कोण?

मुलाखतीत दोघींना एकच प्रश्न आला. अक्षरं न येणाऱ्या लहान मुलाचा नंबर कसा काढाल? डोळ्यात उजेडाची रेघ फिरवून नंबर काढायचं एक यंत्र असतं, त्याची पद्धत मी पायरी न चुकता सांगितली. पुस्तकात आहे तश्शी. मुंगी म्हणाली, "आधी त्याच्या आईच्या डोळ्यात उजेड टाकीन, त्याला दिसेल असा. मग ते आपणहून पुढे येतं."

एवढंच! हे काय उत्तर झालं? आणि दुकानात ती असं करते हे मी शंभर वेळा पाहिलं होतं. मला मेलीला तेव्हा आठवलं नाही.

यादी लागली. निवड, मुंगी. खाली बारीक अक्षरात, प्रतीक्षा यादी, क्रमांक एक, मी.

घरात नुसता आनंदीआनंद. आईने तिला छातीशी धरलं, मग माझ्याकडे बघून म्हणाली, "तुझंही होईल गं कधीतरी." कधीतरी! शेवटचं वर्ष होतं. माझंही आणि तिचंही. यानंतर कुठलं कधीतरी उरणार होतं? दुसऱ्या दिवशी आईने माझा जाड कोट कपाटातून काढून मुंगीला दिला. विचारलंसुद्धा नाही. मी बघतच राहिले, तर म्हणाली, "तुला इथे काय करायचाय?" कोट मुंगीच्या गुडघ्याच्या खाली आला. आई हसली, मुंगी हसली.

बाबांनी तर कमाल केली. येईल त्या गिऱ्हाइकाला सांगायचे, "आमची मुलगी परदेशी शिकायला चाललीये." मी तिथेच काउंटरमागे काच पुसत उभी. गिऱ्हाईक माझ्याकडे वळून म्हणायचं, "वा, अभिनंदन!" मग बाबा घाईघाईने म्हणायचे, "नाही नाही, ही नव्हे." असं चार वेळा झालं. चौथ्या वेळी मी आतल्या खोलीत जाऊन मशिनवर एक चांगली काच नको तेवढी घासली आणि वाया घालवली.

माझा जळफळाट होत होता. उगाच गुळमुळीत कशाला बोलू? ती झोपेत कूस बदलायची तरी मला राग यायचा. ती तिकडची भाषा शिकायला लागली, आरशासमोर उभी राहून वाक्यं म्हणायची, तर मी शेजारच्या खोलीत तीच वाक्यं तिच्याहून चांगली म्हणायचे. ऐकायला मात्र कोणी नसायचं.

आता मंगळवारचं सांगते. मुंगी त्या दिवशी एका शाळेत मुलांचे डोळे तपासायच्या शिबिराला गेली होती. कॉलेजच्या ऑफिसातल्या बाईंनी मला व्हरांड्यात हाक मारली. या बाई एक नमुना. कागदावर कधी काही देणार नाहीत, सगळं तोंडी. आणि त्यांच्याकडे तारीख नसायचीच, 'उद्या', 'परवा' आणि 'बघू' यांवर अख्खं ऑफिस चालायचं.

"तुझ्या बहिणीला सांग," त्या म्हणाल्या, "पालकांचं संमतीपत्र परवा पाचपर्यंत. वडिलांनी स्वतः यायचं, सही माझ्यासमोर व्हायला हवी. पाच वाजले की मी यादी पुढे पाठवणार. नाही आले तर वेटिंगवालीचं नाव जाईल." मग चष्म्यावरून बघत त्यांनी विचारलं, "वेटिंगला कोण आहे गं?"

"मी."

"अगं बाई," त्या म्हणाल्या आणि फोन उचलून बोलायला लागल्या.

मंगळवारी संध्याकाळी मुंगी दमून आली. मी सांगणार होते. खरंच सांगणार होते. पण ती आल्या आल्या आईला शिबिरातल्या मुलांच्या गमती सांगत बसली. आई हसून हसून डोळे पुसत होती, आणि मी पाण्याचा पेला हातात धरून दारात उभी होते. कोणी मला 'बस' म्हणालं नाही. म्हटलं, ठीक आहे. सांगू उद्या.

बुधवारी सकाळी ती केस विंचरत होती. मी म्हटलं, "ऑफिसातल्या बाई म्हणाल्या, संमतीपत्र परवा पाचपर्यंत. मामाला यावं लागेल."

बाईंनी परवा दिला होता, मी परवा दिला. शब्दाला शब्द. फक्त एक दिवस शिळा.

मुंगीने बोटांवर दिवस मोजले. "उद्या गुरुवार, परवा शुक्रवार. बरंच झालं की! शुक्रवारी बाबांना सुट्टीच असते. नाहीतर त्यांचा खाडा झाला असता." आणि तिने लगेच मामाला फोन लावला. मी तिथेच उभी होते. तिचं बोलणं संपेपर्यंत उभी होते. "हो हो, शुक्रवारीच या," ती म्हणाली. माझं तोंड उघडलं नाही. जिभेला काय झालं होतं म्हणता? काही नाही. जीभ धडधाकट होती.

गुरुवार मी कसा काढला ते मलाच ठाऊक. दुपारपासून दुकानात होते. मुंगीही होती. साडेचारला ती मला म्हणाली, "ताई, हा स्क्रू फिरत नाहीये, बघ ना." मी स्क्रू फिरवून दिला. दुकानातून कॉलेज दहा मिनिटांवर. बाईंच्या हातापाया पडलो असतो तर त्यांनी एक दिवस थांबवलंही असतं. पावणेपाच झाले. बाबा म्हणाले, "तुझं आज लक्ष कुठे आहे?" मी म्हटलं, "कुठे नाही." पाच वाजले तेव्हा मुंगी एका आजोबांना चष्मा घालून दाखवत होती आणि आजोबा म्हणत होते, "आता कसं लख्ख दिसतंय!" मी बाहेर जाऊन पायरीवर बसले. तुम्हाला वाटेल मला रडू आलं असेल. नाही आलं. मला बरं वाटत होतं. पहिल्यांदा बरं वाटत होतं, हेच तर वाईट.

शुक्रवारी मामा आला. इस्त्रीचा शर्ट, खिशाला नवं पेन, सहीसाठी. दोघं कॉलेजात गेले तेव्हा मी मुद्दाम प्रयोगशाळेत काम काढून बसले. संध्याकाळी घरी आले तर मामा खुर्चीत मान घालून बसला होता आणि मुंगी खिडकीशी.

"एवढी शिकलीस," मामा तिला म्हणत होता, "आणि तुला साधे दिवस मोजता येईनात? मी काय एका दिवसाच्या खाड्याने भिकेला लागलो असतो?"

"माझाच घोळ झाला," मुंगी म्हणाली. "मीच चुकीचं मोजलं, बाबा."

आईने माझ्याकडे पाहिलं. मीही तोंड पाडून उभी राहिले. तेवढं मला छान जमतं. मुंगीने मात्र माझ्याकडे पाहिलं नाही. माझा कोट घडी करून तिने माझ्या पलंगावर ठेवला होता.

अशी मी इथे आले. सहा महिन्यांसाठी. स्वतःची खोली, खिडकीखाली ट्राम, दवाखान्यात अशी यंत्रं की बाबांनी बघितली तर पहिल्यांदा चपला काढून आत येतील. मी म्हटलं, सुटले. आता कोणाशी तुलना नाही.

कसलं काय! दर रविवारी घरच्यांना व्हिडिओ कॉल करायचे. दुकानात माझ्या स्टुलावर मुंगी. मागून बाबांचा आवाज, "अगं, तो तुझा सोनेरी फ्रेमवाला आलाय परत." तुझा! पूर्वी ती गिऱ्हाइकं माझी होती. आई म्हणायची, "थांब हं, मुंगीला भूक लागली असेल," आणि फोन टेबलावर उताणा ठेवून निघून जायची. मी परदेशात बसून छत बघायचे, तेही आमच्याच दुकानाचं. जिचं सगळं घेऊन आले, तिच्यावरच अजून जळत होते. असं कुठे असतं का? पण होतं.

दुसऱ्या महिन्यात एका रविवारी फोन तिनेच उचलला. घरी कोणी नव्हतं. माझं डोकं आधीच फिरलेलं होतं. मी म्हटलं, "मजा आहे तुझी. बसायला आयतं स्टूल मिळालं."

ती म्हणाली, "ताई, बाईंनी तुला मंगळवारी सांगितलं होतं."

मी फोन दुसऱ्या हातात घेतला.

"शुक्रवारी ऑफिसातच बाई म्हणाल्या मला. बाबा शेजारीच बसले होते, पण त्यांच्या लक्षात नाही आलं."

"मग बोलली का नाहीस?" माझा आवाज चढला. चोराच्या उलट्या बोंबा, पण चढला खरा. "घरात सांगायचं होतंस! शिव्या घालायच्या होत्यास!"

"आत्याने मला तीन वर्षं पोटच्या पोरीसारखं ठेवलं. तिला कोणत्या तोंडाने सांगू? तुझ्यासाठी नाही गप्प बसले मी. आणि तुला माफही केलेलं नाही, कळलं? पण जागा माझी होती. त्या जागेवर बसून तू टाइमपास करायचा नाहीस. रोज तिकडे जे शिकवतील ते संध्याकाळी मला सांगायचं. सगळं. एक दिवस चुकवायचा नाही."

तिने असा हुकूम केलेला मी पहिल्यांदाच ऐकला. मी "बरं" म्हटलं.

तेव्हापासून रोज सांगते. आधी चार ओळी लिहायचे, तर तिचे उलटे दहा प्रश्न यायचे. मग वर्गात लक्ष द्यावंच लागलं. गेल्या आठवड्यात तिने विचारलं, "मूल रडत असेल तर डोळ्यात पाणी भरलेलं असतं. मग त्या पाण्याने नंबर चुकतो का? किती चुकतो?" मला सांगता येईना. पुस्तकात सापडेना. शेवटी मी वर्गात हात वर करून आमच्या सरांना विचारलं.

सर फळ्यापासून वळले. म्हणाले, इतक्या वर्षांत मला हे कुणा विद्यार्थ्याने विचारलेलं आठवत नाही. मग वर्गाला म्हणाले, बघा, हिने खरंच रडणाऱ्या मुलासमोर बसून काम केलेलं दिसतंय. वर्गातल्या सगळ्या मुलांनी वळून माझ्याकडे पाहिलं. मला विचाराल तर ते फार गोड वाटलं. गप्प बसायचं होतं फक्त. आणि गप्प बसण्यात तर माझा हात कोणी धरणार नाही.

"प्रश्न माझा नाही," मी म्हटलं. "माझ्या बहिणीचा आहे. तिचीच निवड झाली होती इथे यायला."

"मग ती का आली नाही?" सरांनी सहज विचारलं.

मी त्यांच्या भाषेत काहीतरी बरंसं शोधायला लागले. गैरसमज झाला, निरोप नीट पोहोचला नाही, असं काहीतरी. पण तसले शब्द मला त्या भाषेत येतच नव्हते. मला येत होते ते पहिल्या धड्यातले, लहान मुलांचे. सर थांबले होते, वर्ग थांबला होता.

"मी तिला दिवस चुकीचा सांगितला," मी म्हटलं. "मला यायचं होतं."

सरांनी खडू खाली ठेवला. मी खाली बसले आणि उत्तर लिहून घ्यायला वही उघडली, कारण संध्याकाळी ते मुंगीला सांगायचं होतं.