होडीतली जागा

आपल्या पोरीचं भलं आपल्याला तिच्यापेक्षा जास्त कळतं, याबद्दल मकरंदच्या मनात कधी शंका आली नाही. यायला हवी होती. पण बाप पडला हौशी. मुलगी शाळेच्या शेवटच्या वर्षात असतानाच अल्बनीच्या कॅम्पसवर विद्यापीठातल्या गणिताच्या वर्गाला बसते, हे त्यानं सँडरिंगहॅमच्या भारतीय मिठाईवाल्यालासुद्धा ऐकवलं होतं. त्या बिचाऱ्याला फक्त पेढे तोलून द्यायचे होते.

सुखदाचं दुसरं वेड मात्र तो कुणाला सांगत नसे. ती शाळेच्या वाका संघात होती. वाका म्हणजे सहा जणींनी वल्हवायची लांबलचक होडी. सुखदा अगदी मागे बसून वल्ह्यानं दिशा सांभाळायची, आणि ती जागा तिनं थंडीवाऱ्यात हात सोलून घेऊन मिळवली होती. मकरंद तिला शाळेतून कॅम्पसला, कॅम्पसवरून टाकापुनाच्या तळ्यावर पोचवायचा, गाडीतच पोळीचा रोल तिच्या हातात कोंबायचा आणि "होड्या काय, म्हातारपणीही वल्हवता येतात" असं पुटपुटायचा.

मार्चमध्ये नको तेच झालं. रोटोरुआला शाळांच्या शर्यती, आणि नेमकी त्याच दिवशी विद्यापीठाची टेस्ट.

"आय'ल सॉर्ट इट, बाबा," सुखदा म्हणाली. "मी बोलते ना सरांशी."

सॉर्ट म्हणे! प्राध्यापक एका पोरीसाठी परीक्षा हलवतात होय? मकरंदनं दुसऱ्याच दिवशी सुखदाच्या नकळत कोच मेरेआनाला गाठलं. शाळेतली चिल्लीपिल्लीसुद्धा तिला नुसतं मेरेआना म्हणायची, हा आपला "मॅडम, मॅडम" करत उभा. आपल्याकडे पालक सरांना भेटून गळ घालतात ना, तशीच त्यानं घातली. सुखदाला शर्यतीतून मोकळं करा, पण नाव तेवढं संघात राहू द्या, राखीव म्हणून. सर्टिफिकेट मिळालं की झालं.

मेरेआनानं जरा विचार केला. "सुखदाला हे माहीत आहे?"

"हो हो! तिनंच पाठवलंय मला. तिला स्वतः सांगायला संकोच वाटतो हो."

केवढी ही थाप! आणि मारताना त्याची जीभ जराही अडखळली नाही. उलट परतताना त्याला हलकं वाटलं. पोरीच्या डोक्यावरचं ओझं परस्पर उतरवलं, आता संध्याकाळी तिला सांगून टाकू, असं तो मनाशी म्हणाला. संध्याकाळी काही धीर झाला नाही.

पुढच्या सरावाच्या दिवशी सुखदा कॅम्पसबाहेर उड्या मारतच गाडीत बसली. "बाबा, स्वीट ॲज! सर माझी टेस्ट आधीच घेणार. आय कॅन डू बोथ!" रोलचा मोठा घास घेऊन ती भरल्या तोंडानं रोटोरुआबद्दल बडबडत राहिली. मकरंदनं नजर रस्त्यावरच ठेवली. या सिग्नलला सांगू, पुढच्या सिग्नलला सांगू, असं करत तळं आलं. निदान आपण आधी उतरून मॅडमना गाठू, असं त्यानं ठरवलं, तर गाडी थांबते न थांबते तोच सुखदा पायातल्या रबरी जँडल्स फटफटवत पळालीसुद्धा.

होडी पाण्यात होती. मागच्या जागेवर टिआ बसली होती, यंदाच संघात आलेली मुलगी.

"किया ओरा, सुखदा," मेरेआना म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. "बाबांनी तुझा निर्णय सांगितला. मला समजतं ते. पुढच्या वेळी फक्त तू स्वतः ये. टिआची आजी लांबून शर्यत बघायला येणार आहे, इतकी खूश आहे टिआ."

मकरंद धापा टाकत येऊन पोचला. सुखदानं मागे वळून त्याच्याकडे बघितलं. तेवढ्यात तिला सगळं कळलं. आता ही चारचौघांत आपली अब्रू काढणार, आणि काढू दे, असं त्याला अगदी मनापासून वाटलं.

"हो," सुखदा मेरेआनाला म्हणाली. "मीच सांगितलं होतं बाबांना. सॉरी."

मग तिनं घोटाभर पाण्यात जाऊन होडी पुढे ढकलली आणि डावीकडून वारा आहे, जपून, असं टिआला ओरडून सांगितलं. होडी बरीच लांब जाईपर्यंत ती तिथेच उभी होती.

गाडीत बसल्यावर मकरंदला भडभडून आलं. "चुकलं गं माझं. मी आत्ताच्या आत्ता जाऊन मॅडमना खरं सांगतो. मी खोटं बोललो म्हणून सांगतो."

सुखदानं सीटबेल्ट लावला.

"सांग," ती म्हणाली. "आणि मग मी पण खोटं बोलले, तेही सांग."

मकरंदचा हात दाराच्या कडीवर होता. तो उतरला नाही.